घरात कुणाला लागू नये म्हणून

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर आता मला डोळे मिटून बसावं लागतं. तुझ्या डोळ्यांचा रंग मात्र आठवावा लागत नाही. तो आपोआप समोर येतो, कधी जेवताना, कधी पायरीवर बसलो असताना, कधी समोरचा माणूस बोलत असताना. पांढऱ्याच्या जागी पिवळं, जणू कुणी हळदीचं बोट फिरवलंय. रोज सकाळी मी आरसा घेऊन अंगणात उन्हाला जातो आणि खालची पापणी ओढून आपले डोळे बघतो. तुझी सून म्हणते, एवढं तर लग्नाच्या आधी पण बघितलं नसेल आरशात. तिला हसू येतं. मला येत नाही. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वाकडं आहे, आणि पत्र असं आयुष्यात फारसं कुणाला लिहिलं नाही. पण घरात एक लेकरू जन्मलंय, तुझी पणती, आणि तिच्या जन्माच्या दिवशी जे झालं ते तुझ्याशी बोलल्याशिवाय माझ्या डोक्यातून जात नाही.

तुला कावीळ झाली ते वर्ष मला नीट आठवतं, कारण त्या वर्षी तुझा कप वेगळा झाला. मी सात-आठ वर्षांचा असेन, धाकटा अजून तुझ्या अंगावर पीत होता. तुझ्याच नवऱ्यानं, आप्पांनी, तुझी ताटली आणि जर्मलचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवला, आणि भाकरी आत्या थापायला लागली. तू चुलीपासून लांब, गोठ्याच्या दारात बसून आम्हाला जेवताना बघायचीस. आत्याच्या भाकरीला पापुद्रा येत नाही म्हणून मी कुरकुरलो, तेव्हा तू तिथूनच मला झापलंस, की मिळतंय ते गिळ. तुझ्या हाताचे तळवे पिवळे होते. तू ते पदराखाली झाकायचीस.

मग आण्याच्या पठारावरून तो माणूस आला. कावीळ काढतो अशी त्याची ख्याती होती, आणि खोडदपासून पार लोणीपर्यंत, तुझ्या माहेरीसुद्धा, लोक त्यालाच बोलावायचे. तो आपल्या जांभळीखाली बसला. त्याच्याकडे फडक्यात गुंडाळलेलं एक पातं होतं. दंडावर त्या पात्यानं बारीक चिरा मारायच्या, पिवळं रक्त बाहेर पडू द्यायचं आणि वर पाल्याचा रस चोळायचा. फासण्या म्हणतात ते. आजकालच्या पोरांना हा शब्दही ठाऊक नाही. तुझ्या दंडावर त्यानं फासण्या मारल्या, तू ओठ दाबून बसलीस, रक्त आलं, ते पिवळं नव्हतं, नेहमीसारखं लालच होतं. मी अगदी जवळ जाऊन बघितलं होतं. त्यानं पातं धोतराला पुसलं आणि फडक्यात गुंडाळायला लागला. तेव्हा तू म्हणालीस, "दादा, ह्या लेकरांना पन मारा. घरात कुनाला लागू नये."

तो म्हणाला की त्याला हरकत नाही, उलट बरंच. तू धाकट्याला मांडीवर घेतलंस आणि त्याचा दंड धरलास. तो असा रडला की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. मग माझी पाळी. मी पळून जाईन म्हणून आप्पा मागे उभे होते, पण मी पळालो नाही. तू माझ्या दंडावर फुंकर मारत होतीस. तुझ्या श्वासाला कडू वास येत होता, तो मला आत्ताही येतो. नंतर तू मला गुळाचा खडा दिलास, स्वतःच्या हातानं नाही, आत्याला सांगून. हात लागला तर मला लागेल म्हणून. आई, तुझ्या हातानं काही झालं नसतं. आता डॉक्टरीणबाई सांगतात की कपानं लागत नाही, ताटलीनं लागत नाही, जवळ बसल्यानं लागत नाही. ते रक्तातून जातं. आम्ही कप वेगळा केला आणि पातं एकच ठेवलं.

तुझी कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले, तू परत चुलीपुढे बसलीस, आणि पठारावरच्या माणसाचं नाव आणखी मोठं झालं. पुढे बरीच वर्षं काही नव्हतं. मग मी बाप्या झालो तेव्हा तुझं पोट वाढायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट भरल्या घागरीसारखं, उजव्या बरगडीखाली हात लावू द्यायची नाहीस. मंचरच्या डॉक्टरांनी पाणी काढलं, ते परत भरलं. लोक म्हणाले करणी आहे. आप्पांनी उंबऱ्यात लिंबं पुरली, देवऋषी बोलावला, त्यानं घरात काहीतरी फिरतंय असं सांगितलं. मी तेव्हा हसलो होतो. पण तू गेलीस आणि त्यानंतर मला या घरात कधीच एकटं वाटलं नाही, आणि ते चांगल्या अर्थानं म्हणत नाही.

धाकट्यानं पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हाच तो गेला. तसंच पोट, तसेच डोळे. पुण्याच्या दवाखान्यात लिव्हरचा कॅन्सर म्हणून सांगितलं. त्यानं कधी दारूला हात लावला नव्हता, तरी गावात बोलणारे बोललेच, लपून पीत असेल, नाहीतर लिव्हर कशाला जाईल. त्याच्या दहाव्याला एक पाहुणा माझ्यासमोर असं बोलला आणि मी गप्प राहिलो, कारण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. आधी आई, मग धाकटा, आता राहिलो मी. जे काही घरात फिरतंय ते वयानुसार जात नाही, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून पोटात साधं गुरगुरलं तरी मी उजव्या बरगडीखाली दाबून बघतो. संध्याकाळी शिवारात उभा असलो की समोर खोडदच्या त्या आकाशातलं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या ताटल्या आवाज न करता वळताना दिसतात, आणि मला वाटतं की सगळंच असं, आपल्याला न सांगता, हळूहळू आपल्याकडे तोंड फिरवतंय.

माझी धाकटी लेक बाळंतपणाला आली ते या वर्षी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल राहत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच ही पहिली खेप जपून पार पाडायची होती. तालुक्याच्या दवाखान्यात तिचं नाव घातलं, रक्त तपासलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघा नवराबायकोला आत बोलावलं. वयानं आपल्या लेकीपेक्षा लहान असतील, पण बोलणं शांत. म्हणाल्या, हिच्या रक्तात काविळीचा विषाणू आहे, बी प्रकारचा, आणि तो आजचा नाही, जुना दिसतोय. घरात कुणाला लिव्हरचा आजार होता का? मी तुझं सांगितलं. मग धाकट्याचं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला लांबून येत होता. त्यांनी आमचंही रक्त घेतलं, आणि पुढच्या खेपेला आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. माझ्यात निघाला, तुझ्या सुनेच्यातही निघाला.

मी विचारलं की कावीळ तर उतरली होती, मग हे काय राहिलं? त्या म्हणाल्या, कावीळ उतरते, काहींच्या अंगातून विषाणूही निघून जातो, पण काहींच्यात तो लिव्हरमध्ये घर करून बसतो, वर्षानुवर्षं, काही त्रास न देता. लहानपणी लागला तर बसून राहण्याची शक्यता फार. शरीर त्याच्याशी भांडत राहतं. लिव्हर थोडं जखमी होतं, भरून येतं, परत जखमी होतं, परत भरतं. मी जन्मभर नारायणगावला एका शेठजींच्या आडतीवर पोती शिवली. मी म्हटलं, म्हणजे पोत्यासारखं, रफूवर रफू करत गेलं की शेवटी ताग किती नि सुतळी किती ते कळत नाही. त्या म्हणाल्या, असंच समजा आजोबा, आणि इतक्या वेळा भरून काढताना एखादी पेशी चुकीची वाढायला लागते, थांबतच नाही, तो कॅन्सर. सगळ्यांना होत नाही, पुष्कळ जण असेच जगून म्हातारे होतात. तुमचं सहा-सहा महिन्यांनी पोट बघत राहायचं, गरज लागली तर गोळी आहे.

लेक रडायला लागली. आमच्या दोघांमुळे, असं ती म्हणाली नाही, पण माझ्या कानाला तेच ऐकू आलं. माझ्याकडून हिच्यात, हिच्यातून पोरीत. मी तुझ्या सुनेकडे बघूच शकत नव्हतो. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, संसारात तुमी दिलेलं एक तरी टिकलं." डॉक्टरीणबाईंना हसू दाबता येईना. मला त्या हसण्याचा राग आला नाही. खोलीत हवा आल्यासारखं झालं.

मग मी पात्याचं विचारलं. शर्टाची बाही वर करून दंड दाखवला, त्या पांढऱ्या रेघा अजून आहेत, उन्हात काम करून बाकी कातडी काळी पडली म्हणून त्या जास्तच दिसतात. त्यांनी नीट बघितल्या. म्हणाल्या, यातूनही लागू शकतो, एकच पातं असेल तर नक्कीच लागू शकतो. पण तुमच्या आईच्या अंगात तो आधीपासून असेल, ती कावीळ म्हणजे त्यानं मध्येच वर काढलेलं डोकं असेल, आणि तुम्हाला दोघांना जन्मतानाच मिळाला असेल. असंच जास्त घडतं. आता इतक्या वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. असं म्हणून त्यांनी पुढचं सांगायला घेतलं, की बाळ झाल्यावर अर्ध्या दिवसाच्या आत त्याला दोन सुया द्यायच्या. एक लस, ती इथे असते. दुसरी विषाणूशी लढायची तयार ताकद असलेली, ती मागवावी लागते, गार ठेवावी लागते. दोन्ही वेळेत मिळाल्या तर बाळ बहुतेक वाचतं यातून. बाळाला कशाला, मी विचारलं, अजून काहीच झालं नसताना? त्या म्हणाल्या, लागू नये म्हणून.

आई, तेच शब्द.

दुसऱ्या सुईची सोय मंचरच्या एका मेडिकलवाल्याकडे सांगून ठेवली होती, पण लेक ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी अडली. सकाळी उजाडता उजाडता बाळ झालं, मुलगी. जावई चाकणला कंपनीत, पाळीवर, निघालाय म्हणून फोन आला. तुझ्या सुनेला लेकीजवळ थांबायचं होतं. मग मीच मंचरला निघालो, शेजारच्याच्या पिकअपमधून, मागे टोमॅटोचे क्रेट. शेजारी चांगला माणूस आहे पण तोंड बंद ठेवत नाही, सगळ्या रस्त्याला टोमॅटोच्या पडलेल्या दराबद्दल बोलत होता, आणि मी हो हो करत होतो. येताना बर्फाचा डबा माझ्या मांडीवर होता. छोटीशी बाटली, त्यात पाण्यासारखं काहीतरी. मला राहून राहून पठारावरच्या माणसाचं फडकं दिसत होतं. तोसुद्धा लबाड नव्हता ग. तोसुद्धा विश्वासानंच आला होता, आणि आम्हीसुद्धा विश्वासानंच दंड पुढे केले. घरात लागू नये म्हणून एकदा टोचलं त्याचं हे झालं. आता मी दुसऱ्यांदा तेच घेऊन चाललोय, एक दिवसाचंही नसलेल्या जिवासाठी. एका वळणावर शेजाऱ्यानं गाडी थांबवली, कुणाला तरी पैसे द्यायला, आणि मला वाटलं, गाडी अशीच उभी राहावी. बाळाची वेळ निघून जावी, म्हणजे ठरवायचं काही उरणार नाही. असं वाटलं, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. मग बाटली फुटलीबिटली नाही ना म्हणून डबा उघडला, सुई कोऱ्या वेष्टनात बंद होती. ते वेष्टन मी किती वेळा बोटांनी चाचपलं असेल. शेजारी म्हणाला, "आवो, अंडं हाये का त्यात, उबवताय जनू?"

दवाखान्यात पोचलो तर दारात विहीणबाई. जावयाच्या आधी त्या येऊन पोचल्या होत्या, लोणीच्या बाजूच्याच, तुझ्या माहेराच्या मातीतल्या, आवाज खणखणीत. नर्सला त्यांनी अडवून धरलं होतं. लेकराच्या बापाला येऊ दे मगच टोचा, असा त्यांचा हट्ट. लेक आत पडलेली, बोलायचंही त्राण नाही, आणि तुझी सून एका कोपऱ्यात, विहिणीशी वाद घालायचा तर कारण सांगावं लागेल म्हणून गप्प. त्यांना काहीच माहीत नव्हतं. जावयाला माहीत होतं, पण आईला सांगायचं त्यानं पुढे ढकललं होतं. मला बघून त्यांना बरंच वाटलं.

"पावणं, तुमीच सांगा आता," त्या म्हणाल्या. "लेकराला आजून तेल लागलं न्हाई, आन् ह्या दोन दोन सुया घेऊन बसल्यात. माजी पाच झाली घरात, एकाला बी सुई न्हाई. तुमी जाणतं मानूस, सांगा हिला, की थांब."

आई, मला जाणता म्हणणारं आयुष्यात कुणी भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते असल्या वेळी. थांब म्हणणं किती सोपं होतं. माझंही मन थांबच म्हणत होतं, तुझ्या मांडीवरचा धाकटा माझ्या कानात रडत होता. आणि खरं सांगितलं तर पोरीचा संसार कुठे जाईल याची भीती. इतक्या वर्षांनी मूल झालं, तेही हे घेऊन, असं कुणी म्हणालं तर. डबा माझ्या हातात इतका गार होता की बोटं बधिर झाली होती. पोरीच्या खोलीतून बाळाचा आवाज आला, रडणं नव्हतं, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी.

मी म्हटलं, "बाई, हे दुखनं आमच्या घरचं हाये. माज्या आईला व्हतं, भाऊ त्यातच गेला, मला हाये, हिला हाये, आन् पोरीला आमच्याकडनं गेलंय. पोरीनी काई केलं न्हाई. माजं नाक जसं तिला आलं तसं हे आलं. लेकराला जाऊ नये म्हनून ही सुई हाये. आत्ताच द्यावी लागती."

मग त्यांनी विचारलं, की माझ्या पोराला? मी सांगितलं की त्याचं रक्त तपासलंय, साफ आहे, त्याची लस चालू आहे. म्हणजे त्याला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "म्हंजे मलाच तेवढं ठावं नव्हतं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी खाली बघितलं. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

"मंग उभे काय राह्यलात? द्या आत. बर्फ इरघळतोय."

सुया झाल्या. मी आत गेलो नाही, भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिल्या सुईला बाळ ओरडलं, दुसरीला त्याहून मोठ्यानं, आणि मला त्या ओरडण्यातलं आमचं नेमकं किती आणि तिचं स्वतःचं किती ते ओळखू येईना. नर्सनं सुई मोडून डब्यात टाकली, तो आवाज मात्र मी कान देऊन ऐकला.

आता घरी सगळं ठीक आहे असं म्हणायचं. लेक बाळाला पाजते, त्यानं काही होत नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या लशी वेळच्या वेळी, आणि वर्ष भरत आलं की बाळाचं रक्त तपासायचं, तेव्हाच खरं कळेल. तोवर कुणीच हो म्हणत नाही, कुणीच नाही म्हणत नाही. विहीणबाईंचा रोज फोन येतो, दीड महिन्याची सुई विसरू नका, तुमचं घर लई विसराळू. मागे आल्या होत्या तेव्हा शेजारच्या गरवार सुनेला धरून बसवून सांगत होत्या, की रक्त तपासून घे, त्यात काय लाजायचं. का ते मात्र सांगितलं नाही. माझंही पोट बघून झालंय, आत्ता तरी काही नाही. तरी मी आरसा घेऊन उन्हाला जातोच.

हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसलो आणि इथवर आल्यावर कळलं की तुला हे कळवायचं नाही. पितरांच्या पंधरवड्यात तुझ्या नावानं पान वाढताना मनात सगळं सांगायची सवय आहे मला, पण हे सांगणार नाही. विहीणबाईंना सांगितलं, जावयाला सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, सगळीकडे आईपासून जन्मतःच आलं, असंच सांगितलं. डॉक्टरीणबाई तेच जास्त शक्य म्हणाल्या होत्या, म्हणजे खोटं नाही. जांभळीखालचं कुणाला बोललो नाही. धाकट्याला मांडीवर धरलंस ते तुझ्या लक्षात असेल, तर ते तेवढंच असू दे, की लेकराला जपायला धरलं होतं.

तू हे वाचणार नाहीस म्हणून एक लिहितो. बाळाला मी अजून उचललं नाही. सगळे म्हणतात, आजोबा घ्या की, तुमची नात. हात लावल्यानं काही होत नाही हे मला डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय, मी दोनदा विचारलं म्हणून. पाठ दुखते असं सांगून मी लांब बसतो. पाठ दुखत नाही.